आदिलाबादच्या गाडीत बसलेली शेळी

(या एपिसोडचा हा लिखित मजकूर. अडखळलेल्या जागा थोड्या नीट केल्यात, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग मी घरून, म्हणजे मुदखेडवरून रेकॉर्ड करतोय. त्यामुळे मधूनमधून गाडीचा भोंगा ऐकू येईल. तो एडिट करून काढणार नाहीये. आमच्याकडे भोंगा आला की बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबतो, भोंगा संपला की तिथूनच पुढे सुरू करतो. कुणाला त्याचं काही वाटत नाही.

ज्यांना मुदखेड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नांदेडपासून रेल्वेने साधारण अर्धा तास. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी लाइन इथून जाते आणि इथूनच आदिलाबादचा फाटा फुटतो. भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट, मग आदिलाबाद. ही स्टेशनं जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

सहावीत असताना आमचे एक सर शेवटच्या तासाला 'तोत्तोचान' वाचून दाखवायचे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. तेत्सुको कुरोयानागी यांचं पुस्तक, मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलेलं, नॅशनल बुक ट्रस्टचं. एका शाळेतून काढून टाकलेली चिमुरडी दुसऱ्या शाळेत जाते, आणि ती शाळा भरते रेल्वेच्या जुन्या डब्यांत. आता विचार करा, हे मुदखेडच्या पोरांना सांगताय तुम्ही! वर्गातल्या निम्म्या पोरांचं कोण ना कोण रेल्वेत. डबे आम्ही रोज बघायचो. एकाने तर सरांना विचारलं होतं, "सर, रात्री त्याला इंजिन लागलं तर शाळा कुठं जाईल?" सर म्हणाले, "आदिलाबादला." महिनाभर वर्गात तोच जोक.

सर मध्येच थांबून पुस्तक आमच्याकडे फिरवायचे आणि चित्र दाखवायचे. गोल चेहऱ्याची, टिंबासारख्या डोळ्यांची मुलं. कडा अशा, की रेघ कुठे संपली ते कळू नये. मला वाटायचं, हीच तोत्तोचान. कुणीतरी गोष्ट वाचून तिचं चित्र काढलंय. ते कुणी काढलंय हा प्रश्न मला पुढची पंधराएक वर्षं पडला नाही.

तर मागच्या वर्षी कंपनीने मला तीन महिन्यांसाठी टोकियोला पाठवलं. ऑनसाइट म्हटलं की गावात पेढे वाटतात, पण खरं सांगू का, ऑफिस, रूम, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला भाताचा गोळा, एवढंच आयुष्य होतं. एकदा जेवताना टीममधल्या एका सिनियर बाईंना मी सहज म्हणालो, की मी लहानपणी तोत्तोचान वाचलंय. त्यांचा चमचा हातातच राहिला. भारतात? कुठल्या भाषेत? मग म्हणाल्या, "मग तू चिहिरोच्या घरी जायलाच पाहिजे."

चिहिरो इवासाकी. ती सगळी चित्रं त्यांची.

रविवारी गेलो. सेइबू शिंजुकू लाइनवर कामी-इगुसा नावाचं एक छोटं स्टेशन आहे. बाहेर पडलं की गंडाम या रोबोचा पुतळा आहे, ज्यांना ॲनिमे आवडतं त्यांच्यासाठी ही फुकटची टिप. तिथून सातेक मिनिटं चालायचं. गल्ली साधी, राहत्या घरांची. सायकली, वाळत घातलेले कपडे, कुंड्या. मी दोनदा मॅप तपासला, कारण म्युझियम म्हटल्यावर माझ्या डोक्यात मोठं गेट, तोफ, तिकीट खिडकी असलं काहीतरी होतं.

चिहिरोबाई (मी त्यांना असंच म्हणणार, चालवून घ्या) १९५२ पासून इथेच राहायच्या. इथेच बसून चित्रं काढायच्या. १९७४ मध्ये वारल्या, ५५ वर्षांच्या होत्या. तीन वर्षांनी, १९७७ मध्ये, घरच्यांनी त्याच जागेवर हे म्युझियम उघडलं. मुलांच्या चित्रपुस्तकातली चित्रं जपणारं म्युझियम ही तेव्हा जगात नवीनच गोष्ट होती. आजची इमारत नंतरची आहे, पण त्यांची काम करायची खोली आत जशी होती तशी उभी केलीय. टेबल, ब्रश, रंगांच्या बशा. त्या डावखुऱ्या होत्या. मी पण डावरा आहे, त्यामुळे टेबलासमोर उभा राहून आपोआप उजेड कुठून येतोय ते बघायला लागलो.

चित्रं भिंतीवर नेहमीपेक्षा खाली लावलेली. मला थोडं वाकावं लागत होतं. आधी वाटलं, जपानी लोकांच्या उंचीमुळे असेल. मग एक चारेक वर्षांची मुलगी माझ्या शेजारी आली आणि सरळ उभी राहून बघायला लागली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

आता चित्रांबद्दल. मी काही कलेचा जाणकार नाही, माझी चित्रकला म्हणजे डोंगर, दोन डोंगरांमधून सूर्य, एक झोपडी. पण छापलेल्या पानावर जे दिसत नाही ते मूळ कागदावर दिसतं, एवढं मला त्या दिवशी कळलं. त्या कागद ओला करून त्यावर रंग सोडायच्या. रंग पसरतो, दुसऱ्या रंगात शिरतो, आणि पाणी सुकतं तिथे बारीक कड उरते. मुलीचा फ्रॉक म्हणजे फ्रॉकची रेघ नाहीच, नुसता एक जांभळा ओघळ आणि त्याच्या वर चेहरा. १९६८ चं त्यांचं एक पुस्तक आहे, पावसाच्या दिवशी घरात एकटी राहिलेली मुलगी आईची वाट बघते, एवढीच गोष्ट. सगळं पुस्तक ओलं वाटतं.

आणि बाळं. त्यांच्याबद्दल असं सांगतात की समोर बाळ न ठेवता त्या दहा महिन्यांचं बाळ आणि एक वर्षाचं बाळ वेगवेगळं काढू शकायच्या. हे वाचलं तेव्हा मी तिथेच हसलो. का, ते सांगतो. माझी आई अंगणवाडी सेविका. बाळ काट्यावर ठेवायच्या आधी हातात धरून ती वजन सांगायची. "सात किलो दोनशे." काटा म्हणायचा सात किलो शंभर. तर ती म्हणायची, काटा बिघडलाय.

चिहिरोबाईंचं आयुष्य काही ओल्या रंगांसारखं मऊ नव्हतं. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांचं टोकियोतलं घर जळालं. तोत्तोचानची डब्यांची शाळाही त्याच वर्षीच्या हल्ल्यात जळाली, शेवटच्या प्रकरणात आहे बघा. युद्ध संपल्यावर त्या एकट्या टोकियोला परत आल्या, मिळेल ते चित्रांचं काम करत. मुलगा झाला तेव्हा त्याला सांभाळून काम करणं जमेना, म्हणून काही काळ त्याला आईवडिलांकडे नागानोला ठेवावं लागलं. शेवटचं पूर्ण केलेलं पुस्तक, १९७३ चं, युद्धात सापडलेल्या मुलांचं आहे. तेव्हा व्हिएतनाम चालू होतं. त्यातली मुलं तशीच गोल चेहऱ्याची, पण डोळे बघवत नाहीत.

आणि आता तो धक्का, जो मला तिथे बसला. 'तोत्तोचान' जपानीत पुस्तक म्हणून आलं १९८१ मध्ये. चिहिरोबाई गेल्या १९७४ मध्ये. म्हणजे त्यांनी तोत्तोचान वाचलीच नाही! कुरोयानागींनी त्यांच्या मागे राहिलेल्या चित्रांमधून एकेक निवडून आपल्या गोष्टीत बसवलं, चिहिरोबाईंच्या मुलाची मदत घेऊन. आम्ही सहावीत ज्या मुलीला तोत्तोचान समजत होतो, ती कुणीतरी दुसरीच मुलगी होती. भलत्याच कुठल्यातरी वर्षी, भलत्याच कामासाठी काढलेली. आज कुरोयानागीच त्या म्युझियमच्या प्रमुख आहेत. नागानोत, आझुमिनोला, त्याच नावाचं दुसरं मोठं म्युझियम आहे, आणि त्याच्या बागेत दोन जुने रेल्वेचे डबे आणून तोत्तोचानचा वर्ग उभा केलाय. तिथे मला जाता आलं नाही. २०१८ मध्ये चिहिरोबाईंच्या जन्माला शंभर वर्षं झाली, तेव्हाचं मोठं प्रदर्शन तर टोकियो स्टेशनच्या आतल्या कलादालनात भरलं होतं. स्टेशनात! जुन्या विटांच्या भिंती, बाहेर गाड्या. मी तेव्हा बीटेकच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि मुदखेड स्टेशनात नांदेडच्या गाडीची वाट बघत असणार, उशिराने धावणाऱ्या.

तर मला प्रश्न पडला की इतकी चित्रं उरलीच कशी? कारण त्या मेल्यानंतर सात वर्षांनी कुणाला तरी पुस्तक भरेल इतकी निवडता आली. उत्तर साधं आहे. त्यांनी ती परत मागितली. त्या काळात पुस्तकासाठी काढलेलं चित्र छापखान्यात गेलं की गेलं. काम झालं, आता त्या कागदाचं काय करायचंय, असा सगळ्यांचाच समज. मुलांच्या पुस्तकातलं चित्र म्हणजे गोष्टीच्या बाजूला लावलेली शोभा. चिहिरोबाई अडून बसायच्या, की चित्रावर हक्क माझा आहे, छापून झालं की मूळ कागद मला परत द्या. त्यामुळे आज म्युझियमकडे त्यांची साडेनऊ हजारांच्या आसपास चित्रं आहेत. जलरंग उजेडाने उडतात, म्हणून मंद दिव्यात, थोडे दिवसच लावतात, मग आत विश्रांतीला. आणि प्रत्येकाची इतकी बारकाईने डिजिटल नक्कल करून ठेवलीय, की शेजारी लावली तर मला फरक सांगता आला नसता. माझं पोट बॅकअपवर चालतं, त्यामुळे हे मी फार कौतुकाने वाचत होतो.

आणि वाचता वाचता पोटात गोळा आला.

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी होती. आईची. आईने पंचवीसेक वर्षं अंगणवाडी चालवली. तीन ते सहा वर्षांची पोरं, त्यांना वाचता येत नाही, त्यांच्या आयांपैकी कितीतरी जणींना येत नव्हतं. मग सगळं चित्रातून. वरून तक्ते यायचे, पण कमी, आणि त्यात सफरचंद असायचं. आई म्हणायची, सफरचंद कुठल्या पोराने बघितलंय इथं? ती स्वतः काढायची. खताच्या दुकानाचं मोठं कॅलेंडर मिळतं ना, मागून कोरं, त्याच्या पाठीवर. पपई, शेवगा, अंडं, ज्वारीचं कणीस. रंग म्हणजे स्केचपेन, संपले की हळद, गेरू, कपड्यांची नीळ, देवघरातलं कुंकू. रात्री जेवणं झाली की पाट घेऊन बसायची. आम्ही भावंडं झोपायचो तेव्हा तिच्या बांगड्यांचा कागदावर घासल्याचा आवाज यायचा.

आणि तिने एक गोष्ट केली होती. आठ कागद, कडेला भोकं पाडून गोणीच्या सुतळीने बांधलेले. शब्द एकही नाही. एक शेळी मुदखेडला चुकून आदिलाबादच्या गाडीत बसते. पुढचं प्रत्येक पान एक स्टेशन. भोकरला तिला एक म्हातारी भाकर देते. हिमायतनगरला टीसी येतो आणि शेळी त्याचं तिकिटांचं पुस्तक खाते, इथे पोरं लोळायची. सहस्रकुंडला ती खिडकीतून धबधबा बघते. किनवटला जंगल. आदिलाबादला उतरते, आणि तिथे तिची मालकीण आधीच उभी. ती कशी पोचली, हे प्रत्येक पोराने आपापलं सांगायचं. कुणी म्हणायचं जीपने, कुणी म्हणायचं उडत. आईने खरं उत्तर कधी दिलं नाही. मी पण विचारलंय, मला पण दिलं नाही.

लॉकडाऊनमध्ये मी घरून काम करत होतो. टेबल लावायला कोपरा हवा होता, त्या कोपऱ्यात ती पेटी. २०२१ ची दिवाळी जवळ आलेली, घराला रंग द्यायचा होता. आई कामावर गेली होती. दारात रद्दीवाला आला. मी पेटी उघडली, वरचे दोन तक्ते बघितले, कडा कुरतडलेल्या, उंदरांच्या लेंड्या. सगळं काढून दिलं. वर्तमानपत्रं धरून सोळा किलो, बारा रुपये भाव, एकशे ब्याण्णव रुपये. आकडा लक्षात आहे, कारण मी तो संध्याकाळी आईला मोठ्या हुशारीने सांगितला. घर साफ केलं म्हणून.

ती एवढंच म्हणाली, "बरं केलास. उंदरं झालते त्यात." आणि कुकर लावायला गेली.

माझी आई चिहिरो इवासाकी नाही, हे मलाही कळतं. तिच्या शेळीला एका पानावर पाच पाय होते. कुणी म्युझियम उघडावं असं काही ते नव्हतं. पण चिहिरोबाईंच्या त्या टेबलासमोर मला जे टोचलं ते वेगळंच होतं. मी पेटी उघडून ते कागद बघितले आणि मला ते चित्र म्हणून दिसलेच नाहीत. मला ते वापरून झालेलं सामान दिसलं. पोरांसाठीचं. वाचता येत नाही त्यांच्यासाठीचं.

आणि हे फक्त माझ्या आईचंच नाही ना. शाळेच्या पुस्तकात आतल्या पानावर बारीक अक्षरात चित्रकाराचं नाव छापलेलं असतं. दहावीपर्यंत मी ते एकदाही वाचलं नाही. तुम्ही वाचलंय? विक्रम-वेताळ म्हटलं की खांद्यावर प्रेत घेतलेला, तलवार धरलेला राजा आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो. 'चांदोबा'मधलं ते चित्र शंकर नावाच्या चित्रकाराचं, मद्रासचे, २०२० मध्ये वारले. मला त्यांचं नाव ते वारल्यावर व्हॉट्सॲपवर कळलं. माधुरी पुरंदरे तर आपल्यातल्या, पुण्याच्या. स्वतः लिहितात, स्वतः चित्रं काढतात. 'राधाचं घर', 'चित्रवाचन'. २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला त्यांना. माझ्या भाचीकडे 'चित्रवाचन' आहे. तिला अजून धड वाचता येत नाही, पण एकेका पानावर ती अर्धा तास बोलते, आणि मध्ये आपण काही सांगायला गेलो तर चिडते. बालभारतीने 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन टाकलेत, फुकट आहेत, लिंक शोधा आणि नुसती चित्रं बघत जा एक दिवस. एकेका अंकात किती हात दिसतात. ते मूळ कागद आज कुणाच्या पेटीत असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या रविवारी संध्याकाळी रूमवरून आईला व्हिडिओ कॉल केला. टोकियोत साडेआठ, इकडे पाच वाजलेले. सगळं सांगितलं. घर, टेबल, खाली लावलेली चित्रं, ती चार वर्षांची मुलगी. आईने विचारलं, "पोरींना हात लावू देतेत का कागदाला?" म्हटलं, नाही, काच असते. तिला ते काही पटलं नाही. मग मी म्हणालो, "माय, ती पेटी मी रद्दीत घातली."

"ठावं हाय की."

"तू काहीच बोलली नाहीस."

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "गेलते मी. दुसऱ्या दिवशी, दुकानावर. तो म्हणला, गाडी भरून गेली काल रात्रीच." आणि लगेच, "जेवलास का? भातच खाऊलालास का अजून?"

मला तीन वर्षं हे माहीत नव्हतं. ती गेली होती. कामावरून सुट्टी घेऊन, चालत, रद्दीच्या दुकानात. परत मागायला.

परत आल्यावर मी तिला एक ड्रॉइंगचं मोठं पॅड आणि चांगले जलरंग आणून दिले. ते कपाटात आहेत, पॅकिंगसकट. ती म्हणते, गुडघे दुखतात, पाटावर बसवत नाही आता. मी टेबल देतो म्हटलं, ते पण नको. जबरदस्ती करायची नाही असं ठरवलंय.

मागच्या आठवड्यात मात्र एक झालं. दिवाळीची साफसफाई, आणि या वेळी मला कुठल्याही कागदाला एकट्याने हात लावायची परवानगी नाही. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून डबे काढत होतो. तिखट, मेतकूट, शेंगदाणे. डब्यांखाली कॅलेंडर अंथरलेलं, तारखा वर. २००९ चा मे महिना. काढून चुरगळणार, तेवढ्यात थांबलो. उलटा केला.

सहस्रकुंड. अर्धा कागद निळा, निळीने रंगवलेला, पाणी खाली येताना फिकट होत गेलेलं. रंग पसरलाय जिथे तिथे बारीक कड आहे. डाव्या बाजूला डब्याची खिडकी, गजांमधून बाहेर काढलेलं शेळीचं तोंड. कडेला सुतळीची दोन भोकं. कधी सुटून आलं आणि फळीवर कसं गेलं, आईलाही आठवत नाही.

स्कॅन केलंय. सहाशे डीपीआय. तीन ठिकाणी ठेवलंय. या एपिसोडचं कव्हर तेच आहे, स्क्रीनवर बघा.

आईला दाखवलं तर ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. मग कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "तेलाचा डाग पडलाय की रे. आणि हिला शिंगं काढायची राहिलती."

मी म्हटलं, मग काढ आता.

ती म्हणाली, "स्केचपेन आण."